वहिनीने आणलेली केबल

लाल पिन उजवीकडे आणि पांढरी डावीकडे, एवढी साधी गोष्ट माझ्या वहिनीला बारा वर्षांत कळलेली नाही. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे काही बोलले आणि केलं त्याचा तुम्हाला फार राग येणार नाही. निदान थोडा कमी येईल.

मी केबली बनवते. एका इमारतीच्या तळघरात आमचं वर्कशॉप आहे. तिथे आम्ही चौघीजणी दिवसभर तारा सोलतो, तारेवरची जाळी पिळतो, सोल्डरचे डाग देतो आणि पिना बसवतो. नाटकवाल्यांच्या, रेकॉर्डिंगवाल्यांच्या आणि घरी बसून गाणं ऐकणाऱ्या हौशी लोकांच्या केबली आमच्याकडून जातात. माझ्या हातून गेलेली केबल खरखरते म्हणून परत आली, असं अजून झालेलं नाही. मी काही भाव खात नाहीये, आमच्या मालकिणीला विचारा.

हे सगळं बाबांनी शिकवलं. त्यांचं रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, पण त्याला सोल्डरचा वास आला की शिंका यायच्या, म्हणून तो दिवसभर बाहेर चेंडू खेळायचा. मी बाबांच्या टेबलाच्या डाव्या अंगाला स्टूल ओढून बसायचे, कारण हत्यारांचा खण त्या बाजूला होता. बाबा मान वर न करता म्हणायचे, मिस्त्री, चिमटा. मी चिमटा द्यायचे. मिस्त्री, फुंकर. मी फुंकर घालायचे. शाळेत माझं नाव वेगळं होतं, आई वेगळ्याच लाडाच्या नावाने हाक मारायची, पण बाबांची मिस्त्री मी एकटी. दुकानाच्या शेजारणीची मुलगी एकदा हौसेने खणाला हात लावायला आली, तर मी तिच्या बोटावर खण ढकलला होता. तेव्हा मी सात वर्षांची होते. स्वभाव जुनाच आहे म्हणायचा.

बाबांनी स्वतःच्या हाताने एक ॲम्प्लिफायर बनवला होता, लाकडी पेटीतला. तो अजून त्यांच्या खोलीत आहे, वर कॅसेटचा डेक आणि शेजारी रेकॉर्ड प्लेअर. बाजारातल्या पेट्यांना मोनोचं बटण असतं, ते दाबलं की डावा-उजवा आवाज एक होऊन दोन्हीकडे सारखाच येतो. बाबांनी ते मुद्दाम ठेवलं नाही. दोन कान दिलेत ते काय चष्मा अडकवायला का, असं म्हणायचे. हेडफोन लावायला मात्र त्यांनी दोन जागा ठेवल्या. एक माझी आणि एक मिस्त्रीची, असं ते गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायचे.

लग्न होऊन मी दुसऱ्या घरी गेले, आई गेली, दुकान बंद झालं, बाबा दादा-वहिनीकडे राहायला गेले. पण आमची एक गोष्ट सुटली नाही. दर रविवारी मी दोन नव्या केबली घेऊन जायचे आणि बाबा त्यांची पारख करायचे. पारख करायची त्यांची एक रीत होती. एकाच माणसाच्या आवाजाची रेकॉर्ड लावायची. एक केबल डाव्या बाजूला जोडायची, दुसरी उजव्या बाजूला, आणि कोणती कुठे ते बाबांना सांगायचं नाही. ते डोळे मिटून बसायचे. दोन्ही केबली सारख्या असल्या तर आवाज बरोबर मधोमध उभा राहायचा. एक सरस असली तर आवाज तिच्याकडे सरकायचा. मग केबली अदलाबदल करून पुन्हा ऐकायचं, आणि मग निकाल. त्यांनी नापास केलेली केबल मी वर्कशॉपमध्ये परत नेऊन उसवायचे. बाबांचा कान माझ्यात आलाय असं मी चारचौघांत अभिमानाने सांगायचे आणि अजूनही सांगते.

आता वहिनीकडे येते. ती कपडे शिवण्याच्या दुकानात कामाला जाते, लांबी कमी करणं, चेन बदलणं असली कामं. हात चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण गाणं म्हणजे तिच्या दृष्टीने काहीतरी वाजतंय, एवढंच. अशी बाई बाबांच्या खोलीत पाय ठेवणार नाही याची मला खात्री होती, आणि अकरा वर्षं तिने तो ठेवलाही नाही.

सात महिन्यांपूर्वी काय झालं कोण जाणे. मी एका रविवारी गेले तर बाबांच्या खुर्चीच्या उजव्या बाजूला एक नवीन स्टूल. त्यावर वहिनी बसलेली, हातात कुणाचीतरी पँट, आणि बाबा तिच्याशी बोलत होते. बाबा! जे माझ्याशी बोलताना चार शब्दांच्या वर जात नाहीत. स्पीकर बंद, आणि बाबांच्या कानांवर हेडफोन. घरात आवाज नको म्हणून हिने त्यांच्या कानांना झाकणं लावली, हे मी लगेच ओळखलं. म्हणजे मला तसं वाटलं. मी माझ्या जागेवर, डावीकडे जाऊन बसले. मी काहीतरी बोलले, बाबांनी लक्षच दिलं नाही. पुन्हा बोलले, तर वहिनीने त्यांच्या हाताला हात लावला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. आता माझ्या बापाशी बोलायला मला मध्यस्थ लागणार का?

त्यानंतर दर रविवारी तेच. पारख करायची तर बाबा डोळे मिटून बसायचे आणि घाईघाईने म्हणायचे, उजवी. अदलाबदल नको, पुरे, उजवी. पुढच्या रविवारी पुन्हा उजवी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एकदा मी मुद्दाम वर्कशॉपमधली एक जुनी, आतून काळी पडलेली, आवाज दबका काढणारी केबल नेली आणि ती उजवीकडे लावली. डावीकडे माझी सगळ्यात चांगली. बाबांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "उजवी."

मी म्हणाले, तुमचं लक्ष कुठे आहे हल्ली? ती भंगारातली केबल आहे. बाबांचा चेहरा पडला. वहिनी पँट खाली ठेवून उठली आणि चहा टाकते म्हणून गेली. जरा वेळाने बाबा हळूच म्हणाले, "यापुढे कोणती बरी ते सूनबाईला विचारत जा."

सूनबाईला! जिला लाल आणि पांढरी पिन कळत नाही तिला! मी त्या दिवशी चहा घेतला नाही. घरी येऊन भांडी आपटली. आमचे हे म्हणाले, तुझा नुसता जळफळाट चाललाय, वहिनी सेवा करते तर बरंच आहे की. मी म्हणाले, सेवा करू दे, हवी तेवढी करू दे, पण ती माझी जागा घेतेय. हे पेपरात तोंड घालून बसले, शहाणा माणूस.

खरं सांगते, मला रात्रंदिवस एकच काळजी लागून राहिली होती. आई गेली तेव्हा माझं माहेर निम्मं संपलं. उरलेलं निम्मं म्हणजे ते स्टूल आणि बाबांची मिस्त्री ही हाक. ते गेलं तर मी रविवारी तिथे जायचं कशाला, पाहुणी म्हणून?

आणि मग गेल्या आठवड्यात दादाचा फोन. सहज बोलता बोलता म्हणाला, बाबांच्या डेकची केबल खरखरत होती, तर हिने तीन दुकानं पालथी घालून नवीन आणली, बाबा एकदम खूश. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? तर म्हणतो, तुला कशाला त्रास. घरात केबल बनवणारी मुलगी असताना दुकानातली केबल! आणि वर या साहेबांचं पुढचं वाक्य ऐका. बाबा आता हिलाच मिस्त्री म्हणतात, म्हणे, आणि हसला. त्याला ती गंमत वाटली होती.

मी चार दिवस खपून एक केबल केली. वर्कशॉपमध्ये सगळ्यात चांगली तार होती ती घेतली, दुहेरी जाळीची. प्रत्येक डाग तीनदा पाहिला. पिना अशा बसवल्या की खोबणीत जाताना हलकासा टक् असा आवाज यावा. बाजूच्या टेबलावरची बाई म्हणाली, कोणासाठी एवढी? मी म्हणाले, बापासाठी. पण मनात बापाइतकीच वहिनीही होती, खोटं कशाला बोलू.

रविवारी दुपारी गेले. दादा बाहेर गेला होता. बाबा खुर्चीत, हेडफोन गळ्यात. मी पिशवी ठेवली आणि सरळ पेटीच्या मागे वाकले. मागे जे काही दिसलं ते पाहून मला हसूच फुटलं. डेकमधून डाव्या-उजव्या आवाजाच्या दोन तारा निघत होत्या, त्या एका जोडात घुसून एक झाल्या होत्या, आणि ती एक तार पुढे पुन्हा दुसऱ्या जोडातून दोन होऊन ॲम्प्लिफायरमध्ये गेली होती. म्हणजे डावं-उजवं सगळं एकत्र कालवलेलं. बरं, कालवायचंच तर त्याचीही पद्धत असते, मध्ये रेझिस्टर घालावे लागतात, नाहीतर डेकच्या दोन्ही बाजू एकमेकींवर जोर लावत बसतात आणि आवाज मरतो. इथे काहीच नाही. आणि शोभेला प्रत्येक पिनेला रंगीत दोऱ्याच्या गाठी. शिवणकामाच्या.

मी ते सगळं ओढून बाहेर काढलं आणि हातात धरून उभी राहिले. वहिनी दारात आली होती. मी म्हणाले, वहिनी, हे काय आणलंय तुम्ही? बाबांनी आयुष्यभर ज्याला नाकं मुरडली, तेच तुम्ही त्यांच्या गळ्यात घातलंत. दोन वेगळे आवाज येतात ते वेगळे ऐकायला, खिचडी करायला नाही. दुकानदाराने जे हातात दिलं ते घेऊन आलात का? विचारायचं तरी होतं कुणाला. घरात कुणी जाणतं माणूस आहे की नाही?

वहिनीने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "ते तसंच राहू दे ना गं. त्यांना बरं वाटतंय तसं."

तसंच राहू दे! मी बाबांकडे वळले. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. मग म्हणाले, एवढी मेहनतीने केलीये तर लाव तुझी. मला एवढंच हवं होतं. मी माझी केबल लावली, टक्, टक्, टक्, टक्. वहिनी दारातच उभी राहिली. मला वाटलं, तोंड उतरलं बाईसाहेबांचं. बरं वाटलं, फार बरं वाटलं.

आमच्याकडे डेकची केबल बदलली की पहिली वाजते ती चाचणीची टेप. ॲम्प्लिफायर तयार झाला त्या दिवशी बाबांनी ती घरातच रेकॉर्ड केली होती, दोन माइक लावून. आई डाव्या माइकपाशी, मी उजव्या, आणि बाबा पलीकडच्या खोलीत हेडफोन लावून. त्या टेपमध्ये आधी मी दहापर्यंत आकडे म्हणते आणि सात विसरते. मग आई हसते आणि म्हणते, सात कुठे गेले गं? मग जरा वेळ नुसता भांड्याचा आवाज येतो. आणि मग आई विचारते, "अहो, ऐकू येतंय का तिकडे? नाहीतर मी चालले, दूध वर येईल."

बाबांचं उत्तर टेपमध्ये नाही, कारण ते दुसऱ्या खोलीत होते. म्हणून टेप लागली की दर वेळी, त्याच जागी, बाबा मोठ्याने उत्तर देतात, येतंय, येतंय, जाऊ नकोस. आई होती तेव्हा ती यावर स्वयंपाकघरातून चिडायची. ती गेल्यावरसुद्धा बाबांनी एकदाही चुकवलं नाही.

बाबांनी हेडफोन लावला. दुसरा मी लावला, माझ्या जागेत. टेप सुरू झाली. केबलचं काय सांगू, आईच्या बांगड्या वाजत होत्या त्या मोजता आल्या असत्या. माझ्या उजव्या कानात मी, सहा वर्षांची, आकडे म्हणत होते. पाच, सहा, आठ, नऊ, दहा. डाव्या कानात आई हसायला लागली. सात कुठे गेले गं?

आणि बाबा म्हणाले, "येतंय, येतंय. जाऊ नकोस."

आईने अजून विचारलंच नव्हतं. आई अजून सातवरच हसत होती. मग भांड्याचा आवाज झाला, मग आईने विचारलं, अहो, ऐकू येतंय का तिकडे? बाबा समोर भिंतीकडे बघत बसले होते, तोंडावर हसू तसंच ठेवून. त्यांनी हेडफोन काढला आणि मला म्हणाले, छान झालीये, अगदी स्वच्छ. चार वाजले, जरा खाली बाकावर बसून येतो. काठी घेतली आणि गेले.

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी ओट्याला टेकून उभी होती. मी विचारलं, बाबांचा डावा कान?

तिने मान हलवली. सात महिने झाले, म्हणाली. एक दिवस सकाळी उठले ते डावा कान बंद. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, नस गेली म्हणे, आता येणार नाही. उजव्यालाही कमीच येतं, म्हणून हेडफोन, म्हणजे आवाज वाढवता येतो. कुणाला सांगायचं नाही अशी त्यांनी तिला शपथ घातली होती. दादालासुद्धा नाही, कारण दादाच्या पोटात काही राहत नाही. आणि मला तर मुळीच नाही.

मी म्हणाले, मला का नाही? मी कोण लागते त्यांची?

वहिनीने ओट्यावरच्या फडक्याची घडी केली. मग म्हणाली, "ते म्हणाले, ती जगाला सांगत फिरते, बाबांचा कान माझ्यात आलाय. तिला कळलं तर ती पारख करायला केबली आणायची नाही. मग ती रविवारी कशाला येईल?"

मी रविवारी कशाला येईन, हीच काळजी त्यांनाही होती. उजवी, उजवी, उजवी. दर रविवारी ते ऐकू येणारी एकच केबल पास करत होते, मी यावं म्हणून. आणि मी त्यांना भंगारातली केबल लावून पकडलं होतं. तुमचं लक्ष कुठे आहे हल्ली, असं म्हणाले होते मी. माझी जीभ झडली कशी नाही?

मग त्या केबलचं वहिनीने सांगितलं. एका दुपारी ती खोलीत गेली तर बाबांनी हेडफोन उलटा घातला होता, डावी बाजू उजव्या कानावर. तिला वाटलं चुकून, म्हणून ती सरळ करायला गेली. तर म्हणाले, राहू दे, अशी घातली की बायको ऐकू येते. पण मग तू जायचीस ना, वहिनी म्हणाली. सरळ घातला की तू, उलटा घातला की आई. पंधरा दिवस त्यांनी असं आलटून पालटून ऐकलं. शेवटी तिला म्हणाले, दोघींना एका कानात आणायची काही सोय होते का बघ, मला दुकानापर्यंत चालवत नाही आणि मिस्त्रीला सांगता येत नाही.

"मला त्यातलं काही कळत नाही," वहिनी म्हणाली. "मी तीन दुकानांत जाऊन एवढंच सांगितलं, एक बाई आहे आणि एक पोरगी आहे, दोघींचा आवाज दोन्हीकडून यायला हवा. दोन दुकानदार हसले. तिसऱ्याने हे जोड दिले. कुठली पिन कुठे ते विसरायला होतं, म्हणून दोऱ्याच्या गाठी बांधल्या."

आता इथे मला रडू यायला हवं होतं, आणि आलंही. पण तुम्हाला वाटेल माझ्या मनातलं किल्मिष धुऊन निघालं, तर तसं काही झालं नाही. रडता रडता माझ्या मनात हेच होतं की त्यांनी हिला सांगितलं. कान गेला हे सांगायला त्यांना ही मिळाली. चिमटा मी दिला, फुंकर मी घातली, आणि दुखलं तेव्हा हात हिचा धरला. मला त्या क्षणी तिचा जितका हेवा वाटला तितका सात महिन्यांत वाटला नव्हता.

पण बाबा अर्ध्या तासात वर येणार होते. मी डोळे पुसले आणि म्हणाले, वहिनी, तुमचा जोड चुकीचा आहे. त्याने आवाज दबतो आणि डेकला त्रास होतो. ती म्हणाली, मग आता काय? मी म्हणाले, आता काय म्हणजे, इकडे या आणि तार धरा.

दुकानातलं टेबल आता बाबांच्या खोलीत आहे, त्याचा खण अजून तसाच आहे. रेझिस्टर चहाच्या जुन्या डब्यात, सोल्डर तिथेच. मी माझ्या चार दिवसांच्या केबलला मधोमध कात्री लावली. वहिनी अगं अगं करत राहिली. डाव्याला एक रेझिस्टर, उजव्याला एक, दोन्ही एका ठिकाणी आणले, तिथून दोन वाटा पुन्हा ॲम्प्लिफायरकडे. वहिनीने तार धरली होती ती जराही हलली नाही, सुईत दोरा ओवणाऱ्या बायकांचा हात तो. एक डाग देताना मी सवयीने म्हणाले, फुंकर. तिने फुंकर घातली. मग मी तिच्या केबलच्या दोऱ्याच्या गाठी सोडवल्या आणि तिलाच त्या नव्या केबलला बांधायला सांगितल्या, होत्या तशाच. ती थांबली. म्हणाली, कशाला, तुझी आहे ती, तुझी म्हणून सांग ना. मी म्हणाले, कशी सांगू? मी बनवली म्हटलं तर मला कळलं हे त्यांना कळणार. बांधा लवकर, काठीचा आवाज येतोय.

बाबा आले, खुर्चीत बसले. वहिनी तिच्या स्टुलावर, मी माझ्या. मी नीट त्यांच्यासमोर वाकून, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाबा, मी माझी केबल काढली. वहिनीने आणलेलीच बरी होती. तीच ठेवा."

हे वाक्य बोलायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी चिमटा पुसत बसले. ते म्हणाले, पुढच्या रविवारी येशील ना? मी म्हणाले, न यायला काय झालं, दोन नव्या केबली आहेत, पारख नको का करायला? त्यांचे खांदे जरा खाली आले. हसून त्यांनी हेडफोन चढवला. दुसरा मी लावला.

पाच, सहा, आठ, नऊ, दहा. सात कुठे गेले गं? आणि बाबा आईबरोबर हसले, अगदी बरोबर तिच्याबरोबर. भांड्याचा आवाज झाला. बाबा वाट बघत थांबले, मान थोडी पुढे करून. अहो, ऐकू येतंय का तिकडे? नाहीतर मी चालले, दूध वर येईल.

"येतंय, येतंय," बाबा म्हणाले. "जाऊ नकोस."

मी माझा हेडफोन काढून ठेवला. बाबांनी त्यांचा काढला नाही. डोळे न उघडता त्यांनी उजवा हात बाजूला नेला, वहिनीच्या हातावर थोपटला आणि हेडफोन लावलेली माणसं बोलतात तसं मोठ्याने म्हणाले, "शाब्बास, मिस्त्री."

वहिनी अवघडून माझ्याकडे बघायला लागली. मी बाबांच्या डाव्या कानाजवळ तोंड नेलं आणि हळूच म्हणाले, "बाबा, ती केबल मी केलीये."

वहिनीने ते ऐकलं आणि मान खाली घातली. बाबा डोळे मिटून टेप ऐकत होते.